ऋणदाब, व्रण आणि औषधदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त जो सुवर्णमहोत्सवी निधी उभा राहिला आहे, त्यातील एक भाग रुग्णसेवेसाठी वेगळा ठेवण्याचे सर्वानुमते ठरले आहे. त्याचा विनियोग कसा करावा याविषयी ज्या सूचना आल्या, त्यांत एक अशी आहे : तोंडाच्या व मानेच्या शस्त्रक्रियेनंतर न भरणाऱ्या जखमांसाठी जे शोषणयंत्र वापरतात ते विकत घ्यावे आणि आपल्या रुग्णसाहित्य केंद्रात ठेवावे. या विषयाची माहिती गोळा करून ती समाजासमोर मांडण्याचे काम अध्यक्ष महोदयांनी माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेतले, जे वाचले आणि एका रुग्णाच्या सोबतीने जे जवळून पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हा प्रश्न आपल्या दाराशी किती आला आहे ते पाहू. भारतातील पुरुषांमध्ये ओठ व तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. विदर्भात तर त्याला खर्ऱ्याची जोड मिळालेली आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून तयार केलेली ही पुडी शाळकरी मुलाच्या खिशातही सापडते. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते, असा अनेकांचा समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निव्वळ सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली आहे, इतकी साधी ही परीक्षा आहे.

भंडारा आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया, हे दोन्ही जिल्हे तेंदूपत्ता आणि बिडी यांसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखले जातात. उन्हाळ्यात पत्ता तोडण्यासाठी किंवा मोहफुले वेचण्यासाठी जंगलात गेलेल्या मजुरावर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या आपण वाचतो. अस्वलाचा पंजा बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावरच पडतो. म्हणजे तंबाखूच्या या व्यवहाराला दोन्ही टोकांना जखम आहे. एक जखम पत्ता तोडणाऱ्याच्या कपाळावर होते, तर दुसरी तंबाखूचे सेवन करणाऱ्याच्या जबड्यात. दोघेही शेवटी नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांचीच वाट धरतात.

आता शस्त्रक्रियेविषयी. तोंडाचा कर्करोग पुढे गेला असेल तर जबड्याचा भाग, गालाचा भाग आणि मानेतील गाठी काढाव्या लागतात. मोकळी झालेली जागा बुजविण्यासाठी छातीवरील स्नायू वरच्या कातडीसह वळवून मानेवरून चेहऱ्याकडे आणतात. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये मांडली आणि भारतात ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हे ठिगळ ताग्यापासून पूर्ण फाडलेले नसते. रक्तपुरवठ्याचा पदर मूळ जागेशी जोडलेला ठेवूनच ते वळवतात. पदर तुटला की ठिगळ मेलेच.

ही विद्या आपल्या भूमीला नवी नाही. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रज सैन्याचा कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात त्याचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. चेहऱ्याचा व्रण झाकण्याची कला महाराष्ट्रातून विलायतेला गेली, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा.

परंतु ठिगळ लावले म्हणजे काम संपले असे होत नाही. मानेचा व्रण काही वेळा पुन्हा उघडतो. त्याची कारणे अनेक आहेत. पूर्वी किरणोपचार झालेले असतील, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात, तर तेथील बारीक रक्तवाहिन्या निकामी झालेल्या असतात आणि ती कातडी जीर्ण कापडाप्रमाणे टाका धरीत नाही. मधुमेह, अशक्तपणा आणि शस्त्रक्रियेनंतरही न सुटलेली तंबाखू ही कारणे त्यात भर घालतात. सर्वांत मोठी अडचण लाळेची. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आतील टाका सुटला की ती लाळ मानेतून बाहेर वाट काढते. यालाच नासूर म्हणतात. पाण्याचा घोट घेतला तर तो मानेतून बाहेर येतो. वास येतो, पट्टी तासातासाला भिजते, आणि घरातील माणसेसुद्धा जवळ बसण्यास कचरतात. पुढचे किरणोपचार ठरलेले असतील तर तेही व्रण भरेपर्यंत लांबतात, आणि ते लांबणे कर्करोगाच्या पथ्यावर पडते. म्हणून ही जखम केवळ कातडीची राहत नाही. संपूर्ण उपचार तिच्यापाशी अडतो.

अशा जखमेवर वापरल्या जाणाऱ्या उपचारास मराठीत ऋणदाब उपचार म्हणता येईल. 'ऋण' हा शब्द ऐकून आपण व्यापारी मंडळी किंचित दचकतो. येथे त्याचा अर्थ उणे असा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. या उपचारात जखमेवरील दाब त्यापेक्षा साधारण १२५ मिलिमीटरने कमी ठेवतात. रक्तदाबाचा १२०–८० हा जो आकडा आपण सांगतो, तोही याच मापातला आहे, त्यामुळे प्रमाण लक्षात येईल. नाजूक जागी हा दाब आणखी सौम्य ठेवतात.

त्याची रचना सोपी आहे. जखम शस्त्रक्रियेने स्वच्छ करून मृत भाग काढून टाकतात. तिच्या आकाराचा निर्जंतुक फेसाळ स्पंजाचा तुकडा कापून आत बसवतात. वरून पारदर्शक चिकट पडदा लावून जागा हवाबंद करतात. पडद्याला छिद्र पाडून त्यावर नळी जोडतात आणि नळीचे दुसरे टोक शोषणयंत्राला लावतात. यंत्र सुरू झाले की फुगलेला स्पंज दबून आवळला जातो. जखमेतील साचलेले पाणी नळीवाटे डबीत जमा होते, सूज उतरते, जखमेचे काठ परस्परांकडे ओढले जातात, आणि स्पंजाच्या सूक्ष्म छिद्रांतून पेशींवर जो हलका ताण येतो त्याने नवे लालसर मांस धरू लागते. साधारण ४८ ते ७२ तासांनी पट्टी बदलतात. रोज दोन-तीनदा जखम उघडण्याचा रुग्णाचा त्रास त्यामुळे वाचतो.

ओढून घेण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. जुन्या काळी दुखऱ्या जागी तुंबडी लावीत. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळा यांच्या साहाय्याने रक्त काढण्याचे वर्णन आहे, आणि व्रणाच्या साठ उपक्रमांची गणनाही आहे. परंतु तुंबडी रक्त ओढते, तर ऋणदाब जखमेतील निरुपयोगी स्राव ओढतो. दोन्ही एकच, असे समजून कोणी घरी प्रयोग करू नये.

आधुनिक काळात १९८९ मध्ये अमेरिकेत जाळीदार कापडाची पट्टी आणि भिंतीतील शोषणनळी यांचा असा उपयोग पोटाच्या नासुरांवर झाला. १९९३ मध्ये जर्मनीतील डॉ. फ्लायशमन यांनी स्पंजाची पद्धत प्रसिद्ध केली. उत्तर कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे डॉ. लुई अर्जेंटा आणि डॉ. मायकेल मोरीक्वास यांचे निबंध १९९७ मध्ये आले आणि त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. त्यांनी ३०० जखमांवर हा उपचार केला होता आणि २९६ जखमांनी चांगला प्रतिसाद दिल्याचे नोंदविले होते.

हा आकडा ऐकून आपण लगेच पाकीट काढू नये. व्यापारात नमुन्याचा तुकडा पाहून संपूर्ण गाठीची पारख करीत नाहीत, आणि येथेही तोच नियम लागू आहे. त्या ३०० जखमा निरनिराळ्या अवयवांच्या होत्या आणि तुलनेसाठी साधी पट्टी केलेला गट त्यात नव्हता. डोके व मानेच्या जखमांविषयी जे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत, ते बहुतांशी थोड्या-थोड्या रुग्णांचे आहेत. ते आशादायक आहेत, एवढेच म्हणता येईल. शल्यविशारदाने निवडलेल्या रुग्णांत याने काम सोपे होते, काहींची दुसरी मोठी शस्त्रक्रिया टळते, काहींची जखम त्या शस्त्रक्रियेसाठी तयार होते. प्रत्येक जखम याने भरते, असे कोणी सांगत असेल तर तो माल विकत आहे असे समजावे.

डोके आणि मान ही जागा या उपचाराला कठीण का, तेही समजून घेतले पाहिजे. पाय किंवा पाठ सपाट असते. मानेला वळणे आहेत, कान आहे, जबड्याची कड आहे, पुरुषांना दाढी आहे, आणि अनेक रुग्णांच्या गळ्यात श्वासासाठी केलेले छिद्र आहे. पडदा कोठेतरी उचलला जातो आणि हवा आत शिरते. त्यावर उपाय म्हणून पोटावर पिशवी लावलेल्या रुग्णांसाठी जो चिकट लेप मिळतो, तो काठांना लावून फट बुजवतात. तोंडाकडून वाट उघडी असेल तर यंत्र लाळच ओढत राहते. म्हणून शक्य असेल तेव्हा आतील बाजू आधी शिवून घेतात.

सर्वांत मोठा धोका रक्तवाहिनीचा आहे. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड ही मोठी धमनी मानेतूनच जाते. किरणोपचार झालेल्या आणि लाळेत भिजलेल्या मानेत तिची भिंत कमकुवत होते. अशी धमनी उघडी पडलेली असताना तिच्यावर थेट स्पंज ठेवून शोषण सुरू करणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे. प्रथम ती स्नायूने झाकावी लागते. जखमेत कर्करोग शिल्लक असेल तरीही हा उपचार करीत नाहीत, कारण वाढीला उत्तेजन देणारी क्रिया तेथे नको असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये या यंत्रांविषयी जाहीर इशारा दिला. २००७ पासून २०११ च्या इशाऱ्यापर्यंत १२ मृत्यूंची नोंद त्या प्रशासनाकडे झाली होती. रक्तस्राव हा त्यांतील सर्वांत गंभीर प्रकार होता, आणि बहुतेक मृत्यू घरी किंवा दीर्घकालीन शुश्रूषागृहात झाले होते. 'घरी' हा शब्द आपण विशेष लक्षात ठेवावा, कारण आपल्यासमोरील सूचनेचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

आता जे मी पाहिले ते थोडक्यात सांगतो. आमच्या पेढीवर अनेक वर्षे खातेवही सांभाळणारे एक मुनीमजी होते. त्यांच्या जबड्याच्या आजारावर आधी शेक झाले होते. आजार उलटला म्हणून नागपूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. दहाबारा दिवसांनी मानेचा टाका उघडला. नाकातील नळीने अन्न चालू होते, तरी लाळ मानेतून वाहत होती. ते बोलू शकत नसत, पाटीवर लिहून सांगत. भेटायला आलेल्या माणसाला ते एकच वाक्य लिहून दाखवीत, 'दूर बसा, वास येतो.' डॉक्टरांनी जखम पुन्हा स्वच्छ केली, आतील बाजू शिवली, धमनी झाकलेली असल्याची खात्री केली आणि मग ऋणदाबाची पट्टी लावली. ती पाच वेळा बदलली गेली. वास पहिल्या दोन पट्ट्यांतच ओसरला. पुढे लहानशी शस्त्रक्रिया होऊन मान बंद झाली. आजार सुमारे दीड वर्षाने परत आला आणि ते गेले. परंतु मधल्या काळात ते घरच्या पंगतीला बसले, नातीच्या लग्नात वावरले, पर्युषणात दररोज प्रवचनाला आले आणि पहिल्या रांगेत बसले. आयुष्य किती वाढले याचा हिशेब मला मांडता येत नाही. पहिल्या रांगेत बसण्याचे मोल मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शस्त्रक्रियेच्या मुख्य खर्चाला शासनाच्या योजनेचा आधार मिळतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. परंतु भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथून येणाऱ्या कुटुंबाचा कणा मोडतो तो सोबत्याच्या मुक्कामाने, बुडालेल्या मजुरीने, वारंवारच्या ये-जा करण्याने आणि वरचेवर आणाव्या लागणाऱ्या किरकोळ साहित्याने. शेजारच्या खाटेवरील एका शेतमजुराचा मुलगा धान कापणीसाठी वडिलांना तसेच सोडून गावी परत गेला होता. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

आपल्या समाजात या उपचाराविषयी काही विशेष शंका विचारल्या जातात. त्यांचे उत्तर देणे आवश्यक आहे. पहिली शंका, या स्पंजात प्राणिज पदार्थ असतो काय? नेहमीचा काळा स्पंज पॉलियुरेथेनचा, म्हणजे कृत्रिम असतो. पांढरा स्पंजही कृत्रिमच असतो. जखमेवर वापरल्या जाणाऱ्या इतर काही पट्ट्यांत जनावरांपासून मिळविलेले कोलॅजन असते. तेव्हा ज्यांना त्याविषयी व्रत आहे, त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावे. दुसरी गोष्ट मी स्वतःहून सांगतो. १९९७ च्या संशोधनात प्रथम डुकरांवर प्रयोग झाले होते. अहिंसेच्या व्यासपीठावरून हे लपविणे योग्य नाही. ज्या जीवांनी न मागता हे ऋण आपल्यावर ठेवले, त्याची जाणीव ठेवून जीवदयेचे काम अधिक निष्ठेने करणे एवढेच आपल्या हाती आहे.

तिसरी शंका आहाराची आहे. व्रण भरण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. दूध, दही, पनीर, डाळीचे पाणी, सोयाबीन, शेंगदाणे यांतून ती आपल्या आहारनियमांत राहूनही मिळतात. त्यासाठी कंदमुळांचीही गरज नाही आणि मांसाहाराची तर नाहीच. मात्र नळीवाटे आहार चालू असताना तो ठरावीक अंतराने, कधी सूर्यास्तानंतरही द्यावा लागतो. अशा वेळी रुग्ण पापभीतीने आहार नाकारतो किंवा आयंबिल-उपवासाचा आग्रह धरतो, असे घडते. आपल्या पच्चक्खाणांत आगार, म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत आणि आजारपणाचा विचार पूर्वाचार्यांनीच केलेला आहे. घरातील मंडळींनी गुरुमहाराजांकडून मार्गदर्शन घ्यावे आणि रुग्णाच्या मनातील ओझे उतरवावे. तप बरे झाल्यावरही करता येते.

आपल्या धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हिची गणना अभ्यंतर तपात केली आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा हे एक अंग आहे. देहाच्या मलिनतेची किळस न बाळगणे असा त्याचा अर्थ घेतात, आणि त्यासाठी मुनींची वांती स्वतःच्या हातांनी स्वच्छ करणाऱ्या उद्दायन राजाचा दृष्टांत देतात. मुनीमजींनी पाटीवर जे लिहिले होते, त्याचे उत्तर या दृष्टांतात आहे. यंत्र वास कमी करील, पण जवळ बसण्याचे काम यंत्राला येत नाही.

आता मूळ सूचनेकडे वळतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद शिकवतात. यंत्र हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, फोटो निघतो, नावाची पाटी लागते. स्पंज, पडदा, नळी आणि डबी हा महसुली खर्च. तो दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक रुग्णामागे होतो आणि त्याला पाटी लागत नाही. दान म्हणून मिळालेली यंत्रे कोपऱ्यात पडून राहतात ती बहुधा या दुसऱ्या खर्चाची तरतूद नसल्यामुळे. शिवाय खाट, वॉकर किंवा चाकाची खुर्ची यांप्रमाणे हे यंत्र घरी नेण्यास देण्याजोगे नाही. निदान मानेच्या जखमेसाठी तरी नाही. चोवीस तासांत दोन तासांहून अधिक काळ यंत्र बंद राहिले तर ती पट्टी काढून टाकावी लागते, नाहीतर जखमेत जंतू वाढतात. आपल्या खेड्यांतील विजेचा भरवसा आपण जाणतो. आणि रात्री दोन वाजता मानेतून रक्त आले तर घरच्यांनी काय करावे?

म्हणून माझे विश्वस्त मंडळास नम्र निवेदन असे आहे की, हे यंत्र रुग्णसाहित्य केंद्रात ठेवण्यासाठी घेऊ नये. त्याऐवजी पुढील व्यवस्था करावी.

पहिली गोष्ट, 'व्रणसेवा निधी' या नावाने वेगळे खाते उघडावे. मूळ रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून, शल्यविशारदाच्या लेखी चिठ्ठीवर, पट्टीच्या साहित्याची रक्कम थेट रुग्णालयाला किंवा औषध विक्रेत्याला द्यावी. रुग्णाची जात, पंथ किंवा धर्म विचारू नये. अनेक ठिकाणी डॉक्टर भिंतीतील शोषणनळी, निर्जंतुक केलेला स्पंज आणि चिकट पडदा वापरून कमी खर्चात हेच काम करतात. कोणती पद्धत घ्यावी हे त्यांनीच ठरवावे. आपण केवळ पैशांअभावी पट्टी थांबू देऊ नये.

दुसरी गोष्ट, रुग्णासोबतच्या एका माणसाच्या मुक्कामाची आणि शुद्ध सात्त्विक भोजनाची सोय नागपुरात करावी. तेथील आपल्या समाजाच्या धर्मशाळांशी यासाठी बोलणी करता येतील.

तिसरी गोष्ट, युवक मंडळ आणि महिला मंडळातील इच्छुकांना रुग्णालयातील परिचारिकांकडून प्राथमिक शिक्षण द्यावे. पट्टीला हात लावण्यासाठी हे शिक्षण नाही. डबीत लाल रक्त दिसले, पडदा सुटला किंवा यंत्राचा इशारा वाजला तर कोणाला हाक मारायची, एवढे ज्ञान पाळीपाळीने बसणाऱ्या सोबत्याला असले की घरच्या माणसाला दोन रात्री झोप मिळते. कापणीच्या दिवसांत त्या शेतमजुराच्या मुलाला कोणीतरी, 'तू जा, आम्ही बसतो,' असे म्हणू शकेल.

चौथी गोष्ट, या खात्याचा जमाखर्च दरवर्षी वार्षिक सभेत वाचून दाखवावा. पुढे एखाद्या रुग्णालयाने, जेथे डोके-मानेचे शल्यविशारद आणि चोवीस तास परिचारिका आहेत, यंत्राची मागणी केली तर अवश्य विचार करावा. मात्र यंत्रासोबत दोन वर्षांच्या साहित्याची तरतूदही मंजूर करावी.

शेवटी, जखम होऊच नये यासाठी काय करता येईल ते सांगून थांबतो. सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, कारण ती यादी झाली तेव्हा तंबाखू भारतात आलेलीच नव्हती. पोर्तुगीजांमुळे ती सोळाव्या शतकाच्या सुमारास आपल्याकडे आली. यादीत नाव नाही याचा अर्थ परवानगी आहे असा कोणी घेऊ नये. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी घातली, तरी पुडीने केवळ नाव बदलले. कायद्याचे काम कायदा करील. आपल्या हातातील काम लहान आहे. आपल्या पेढ्यांवर, बैठकीत आणि लग्नकार्यात पाहुण्यांपुढे सुपारीचे तबक येते. त्या तबकात यापुढे बडीशेप, धनाडाळ आणि खडीसाखर असावी. दुकानातील नोकरमाणसांनी खर्रा सोडावा म्हणून मालकाने रागावण्याऐवजी वर्षातून एकदा त्यांची मुखतपासणी स्वखर्चाने करून घ्यावी. लवकर सापडलेला आजार लहान शस्त्रक्रियेत निघतो आणि मानेपर्यंत जात नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी हा ट्रस्ट स्थापन केला, त्यांनी आपल्या हाती एक वास्तू आणि एक विश्वास दिला. वास्तूची रंगरंगोटी या वर्षी झाली. विश्वासाची डागडुजी मात्र रोज करावी लागते, आणि ती व्रणाच्या पट्टीप्रमाणे दर दोन-तीन दिवसांनी नवी करावी लागते. विश्वस्त मंडळ या निवेदनाचा येत्या सभेत विचार करील, अशी प्रार्थना करतो.